तात्या, डबी मी काढलेली नाही

तात्या,

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माईक दिला होता. वस्तीतली कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून. "आता आमची प्रज्ञा दोन शब्द बोलंल," असं आप्पांनी मला न विचारताच जाहीर केलं. मी उभी राहिले, "तात्या चांगले होते" एवढं म्हणाले आणि खाली बसले. घरी जाताना आप्पा म्हणाले, "एवढ्यासाठी शिकवली व्हय तुला?" मला वाटतं तुम्ही तिथे असता तर हसला असता, आणि मग मला जास्तच रडू आलं असतं.

बाकीचे पुष्कळ बोलले. घोडेगावच्या दुकानात तुम्ही किती जणांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून दिल्या, कोणाच्या उसाला वेळेवर पाणी मिळालं, ते सगळं आलं. तुमच्या गाडीबद्दल मात्र एक माणूस बोलला नाही. ती तर मांडवापासून दहा पावलांवर उभी होती. मला आधी ते विचित्र वाटलं. मग मांडवातले चेहरे पाहिले, तेव्हा लक्षात आलं, यातले निम्मे लोक स्वतःच्या लग्नात त्या गाडीमुळे दचकलेले आहेत.

म्हणून जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहिते. जयंतीची मिरवणूक काल झाली. त्याआधी लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. तसं ते अजूनही मिटलेलं नाही, पण तुम्हाला सांगण्यासारखं काहीतरी माझ्याकडे आता आहे.

मुंबईत पूर्वी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी चालायची, त्या जातीची तुमची गाडी. पांढरी, गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगला. वस्तीत तिला सगळे म्हातारी म्हणायचे, एक तुम्ही सोडून. तुम्ही म्हणायचा, "गाडी." जणू जगात दुसरी नाहीच. तिच्या इंजिनात ठिणगी पाडायला पूर्वी पॉइंट होते, म्हणजे सतत उघडझाप करणारे दोन इवलेसे लोखंडी ओठ. ते झिजायचे, चिकटायचे, तुम्ही कानस घेऊन घासत बसायचा. मग मी शाळेत असताना एके दिवशी तुम्ही पुण्याहून ती इलेक्ट्रॉनिक डबी आणलीत. पॉइंट काढून तिच्या जागी डबी. झिजणं नाही, घासणं नाही. तुम्ही ती डबी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलीत. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती त्यांनाही.

आणि त्यानंतर गाडी मिसिंग मारायला लागली. रोज नाही. घोडेगाव ते वस्ती व्यवस्थित जायची, बाजारात जायची, जुन्नरला जाऊन यायची. पण लग्नात, जयंतीत, चार लोक जमले की इंजिन एकेक ठोका चुकवायचं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटायचं, आणि फट्!

"तात्या, ती डबी काढा आणि पॉइंट परत बसवा," मी म्हणायचे.

"मॅडम, कॉलेजात जाता तुमी, न् इचार आमच्या आज्याचा," तुम्ही म्हणायचा. रागावलात की मी मॅडम व्हायचे. एरवी पोरी.

"मग फटाके कशाने वाजतात?"

"कार्बोरेटर."

कार्बोरेटर तुम्ही इतक्या वेळा साफ केलात की त्यात घाण शिरायला सवड मिळत नसेल. एकदा तर काकींचा दात घासायचा ब्रश घेतलात आणि धुऊन परत जागेवर ठेवलात. पुढचे दोन दिवस काकी चुलीपासून लांब उभ्या राहून भाकऱ्या थापत होत्या. "तोंडाला पेट्रोलचा वास येतोय. बोलताना भडका उडायचा," म्हणत होत्या.

आणि कार्बोरेटरनेही भागेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिला गर्दी सोसत न्हाई. बुजती."

मी फिजिक्सला प्रवेश घेतला होता. गाडी बुजते हे मला पटवून घेता येईना.

तळेघरचं लग्न आठवतंय? तुमच्या दुकानात यायचा त्या भातशेतीवाल्याच्या मुलाचं. नवरदेवाला गाडी हवी म्हणून आपण गेलो. तुम्ही, मी आणि माझा दादा. माणसांनी आणि आहेराच्या भांड्यांनी गाडी भरलेली, तरी चढावर ती एकदाही चुकली नाही. मी कान लावून बसले होते. इंजिनावर सगळ्यात जास्त ताण चढावर येतो. ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये दोष असेल तर तिथे कळायला हवा होता. वर पोहोचलो, माळा लावल्या, नवरदेव मागच्या सीटवर बसला, वाजंत्री सुरू झाली, गाडी माणसाच्या चालीने निघाली. देवळापर्यंत जातोय तोवर फट्! नवरदेवाने दोन्ही हातांनी मुंडावळ्या धरल्या. पुन्हा फट्! त्याचा मामा तुमच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "पावणं, फटाके आमी आणल्यात की. तुमी कशाला तसदी घेतली?"

तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "राहू द्या, आमच्याकडनं."

येताना अंधारात उतारावर गाडी लोण्यासारखी चालली. मी म्हणाले, "हळू चालवल्यावर डबी तापते, म्हणून होतं." तुम्ही म्हणालात, "वरची हवा इरळ असती. कार्बोरेटर." दादा म्हणाला, "दोघं बी गप बसा, मला रस्ता बघू द्या."

माझ्या प्रवेशाच्या दिवसाबद्दल मी तुमच्यावर बरेच दिवस मनातून रागावले होते, हे तुम्हाला माहीत नसेल. आप्पा आणि मी एसटीने जाणार होतो. सकाळी दारात गाडी उभी. दिवसाढवळ्या सगळ्या माळा लावलेल्या, लुकलुक चाललेली, बॉनेटवर निळं कापड. "आपल्या वस्तीतली पोरगी पैल्यांदा कॉलेजात चालली, ती काय एसटीनं जाईल व्हय?" कॉलेजच्या फाटकात आतून गाड्या येत होत्या म्हणून आपण थांबलो. तिथे इंजिन दोनदा चुकलं आणि जो आवाज झाला, त्याने ऑफिसच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. वॉचमन धावत आला. तुम्ही काच खाली करून त्याला म्हणालात, "सलामी हाय. पोरगी आली तुमच्या कॉलेजात."

पहिलं वर्षभर मला मुली "सलामी" म्हणत होत्या. आता वाटतं, माझ्यासाठी कोणी दिवे लावून गाडी काढली, असं त्या कॉलेजात किती जणींना सांगता येईल? पण हे तुम्हाला सांगायचं राहिलं. मी नुसतीच मान खाली घालून फॉर्म भरायला गेले.

आपलं शेवटचं भांडण रविवारचं. तुम्ही म्हणालात, "जयंतीच्या आधी काय ते निकालात काढू. तू पुस्तकात बघ, मी गाडीत बघतो." बुधवारी तुम्ही गेलात. दुकानात, एका मोटारीचं झाकण उघडून ठेवून. ती मोटार कोणाची, हे शोधायलाच आम्हाला आठवडा लागला.

कार्यक्रम झाल्यावर काकींनी मला बोलावलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाज मात्र बसलेला. म्हणाल्या, "जयंतीला गाडी पुढं असती. या साली बी जाऊ दे. गप गेली तर राहू दे अंगणात. पण एकदा जरी फट् वाजलं ना, तर दुसऱ्या दिवशी मंचरचा भंगारवाला. ह्यांनी जनमभर दचकवलं, तेवढं पुरं झालं."

"काकी, एकदासुद्धा वाजायचं नाही?"

"एकदा बी न्हाई."

तात्या, मी तुमच्या दुकानात जाऊन पॉइंट शोधले. तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं की ते नदीत फेकले. ते बिस्किटाच्या डब्यात होते, तेल लावून, कागदात गुंडाळून. म्हणजे डबीबद्दल तुमच्याही मनात धाकधूक होतीच! मी तिथेच मोठ्याने हसले. शेजारचा पंक्चरवाला बघायला आला, की ही पोरगी एकटी रिकाम्या दुकानात का हसते.

पॉइंट परत बसवले असते तर तासाभराचं काम होतं. दादानेही तेच सांगितलं. पण मला ते जमेना. दीड वर्ष मी ज्या गोष्टीसाठी तुमच्याशी भांडले, ती तुम्ही समोर नसताना करायची म्हणजे रिकाम्या आखाड्यात दंड थोपटायचे. शिवाय डबीचा दोष होता की नव्हता, हे मग कधीच कळलं नसतं. मी डबी ठेवली आणि दोष शोधायला बसले.

आधी माझं म्हणणं तपासलं. अंगणात गाडी चालू करून तशीच स्लो ठेवली. डबी तापू दे, असं म्हणत बसले. बॉनेटवर पापड भाजले असते इतकी तापली. काकी दोनदा येऊन विचारून गेल्या, "कुठं चालली ही गाडी?" एक ठोका चुकला नाही. म्हणजे माझं तापण्याचं म्हणणं गेलं. कार्बोरेटर मी उघडला नाही, त्याला तुम्ही पुरेसं छळलं होतंत.

मग मी बसून एकेक प्रसंग आठवला. लग्न, जयंती, तळेघर. प्रत्येक वेळी गर्दी आणि हळू चाल. पण कॉलेजच्या फाटकात गर्दी कुठे होती? एक वॉचमन होता. तिथे आणि मिरवणुकीत सारखं काय होतं, तर फक्त माळा.

आपल्या वस्तीची रीत परगावच्या माणसाला सांगावी लागते. जयंतीला गाडी एकट्याची सजत नाही. टेम्पोला लावतात तसली दिव्यांची एकेक माळ प्रत्येक घरातून येते आणि गाडीला बांधली जाते. कोणाची मोठी, कोणाची छोटी, पण प्रत्येक घराची. तुम्ही कोणाला नाही म्हटलं नाहीत. दरवर्षी एखादं घर वेगळं व्हायचं, एक माळ वाढायची. जयंती संपली तरी तुम्ही त्या परत देत नव्हता, लग्नांना कामी येतात म्हणून डिक्कीत ठेवायचा. आणि चावी फिरवली की गाडीबरोबर सगळ्या माळा एकदम पेटल्या पाहिजेत, ही तुमची हौस. त्यासाठी तुम्ही दर वेळी सगळ्या माळांची टोकं बॉनेटखाली एकाच तारेला पिळायचा. ती तार डबीला वीज देणारी.

मी मीटर लावला आणि एकेक माळ जोडत गेले. जुना डायनॅमो रस्त्यावर गाडी पळते तेव्हा पुरेशी वीज करतो, पण माणसाच्या चालीने नाही. मग सगळा भार बॅटरीवर. प्रत्येक माळेबरोबर मीटरचा काटा थोडा खाली बसत गेला. पॉइंट असते तर अर्धपोटीही काम करत राहिले असते. डबी तशी नाही. तिला पोटभर वीज लागते, कमी पडली की ती ठिणगी द्यायचं सोडून देते. शेवटच्या काही माळा राहिल्या असताना फट्!

आतून काकींचा आवाज आला, "हा मोजायचा का?"

"नाही काकी! हा अभ्यासाचा!"

म्हणजे तात्या, डबी चांगली होती, हे तुमचं बरोबर. पॉइंट असते तर झालं नसतं, हे माझं बरोबर. कार्बोरेटर आणि बुजणं तुमचं चूक, तापणं माझं चूक. हे सगळं मला तुमच्यासमोर बॉनेटवर हात आपटून सांगायचं होतं. अंगणात कोणी नव्हतं. एक कोंबडी होती.

उपाय सोपा वाटला. थोड्या माळा कमी करायच्या. मी संध्याकाळी घरोघर निघाले. पहिलंच घर अंजनाआजीचं. वस्तीत तुम्हाला बबन म्हणणारी ती एकटीच. मी तिला बॅटरी, डायनॅमो, सगळं नीट समजावलं. आजीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे बबन व्हता तवर आमची माळ हलकी व्हती, न् त्यो गेला तशी जड झाली व्हय गं?"

"तसं नाही आजी. फक्त ह्या वर्षी..."

"ह्याच वर्षी तर पायजे. दोन लाव. एक बबनच्या नावाची."

पुढच्या घरीही तेच झालं. मी माळा कमी करायला गेले आणि काखेत नव्या माळांचं भेंडोळं घेऊन घरी आले. आप्पांनी विचारलं, "किती कमी झाल्या?" मी भेंडोळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. तात्या, तुम्ही वर्षानुवर्षं कोणाला नाही का म्हणू शकला नाहीत, ते मला त्या संध्याकाळी कळलं. नाही म्हणायला कारणं पुष्कळ असतात हो, पण समोरचं माणूस हातात माळ घेऊन उभं असतं.

शेवटी दुसरी बॅटरी आणायची ठरली. निमगाव सावाला आप्पांचे मावसभाऊ आहेत, त्यांच्या ट्रॅक्टरची. ते म्हणाले, "मग मी ट्रॅक्टर कशानं चालू करू?" दादा म्हणाला, "दोन दिस आराम करा की राव, तुमी बी न् ट्रॅक्टर बी." ती बॅटरी डिक्कीत ठेवली आणि सगळ्या माळा तिच्यावर टाकल्या. डबीची तार डबीला एकटीला मोकळी केली. रात्रीपर्यंत अंगणात गाडी चालू ठेवून पाहिलं. चूं नाही.

काल मिरवणूक निघाली. दादा चालवायला, मी शेजारी. बॉनेटवर फोटो, वर निळा झेंडा, आणि इतके दिवे की दादाला काचेतून समोरचं दिसत नव्हतं. गाडी वस्तीभर फिरली आणि एकदाही चुकली नाही. इतकी गप चालली की रस्त्यातली माणसं बाजूला होईनात. दादाला प्रथमच हॉर्न वाजवावा लागला, आणि तो वाजत नाही हे तेव्हा कळलं. लोक खिडकीत वाकून विचारत होते, "बंद पडली का?" मी मान हलवून नाही म्हणत होते. मला खूप आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण प्रत्येक वळणावर मी अंग आवळून बसत होते, आणि काही वाजलं नाही की हायसं वाटायच्या आधी काहीतरी रिकामं वाटत होतं.

तुमच्या दारात मिरवणूक थांबते तशी थांबली. काकी पांढऱ्या लुगड्यात बाहेर आल्या. फोटोला हार घातला, हात जोडले. मग पदराखालून एक माळ काढली. ती तुम्हाला माहीत आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत त्यांना संध्याकाळचा स्वयंपाक करता यावा म्हणून तुम्ही स्कूटरचे बल्ब ओवून केलेली.

"सगळ्या घरांच्या लागल्या," काकी म्हणाल्या. "आमचीच न्हाई."

"काकी, तुमच्या घराची कशी असेल? गाडीच तुमची आहे."

"गाडी त्यांची व्हती. घर माझं हाय."

मी ती माळ हातात घेतली. जुने बल्ब ते, एकेक बल्ब नव्या चार माळांएवढी वीज खाणारा. तार आखूड, डिक्कीपर्यंत पोहोचेना. पोहोचत होती ती फक्त बॉनेटखाली, डबीच्या तारेपर्यंत. दादा माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. नाही म्हणायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "कुठे बांधू, काकी?"

"पुढं. त्यांना पुढं आवडायचं."

बांधली. बल्ब पिवळे पेटले, थोडे मंदच. इंजिनाचा आवाज एक सूर खाली आला. काकी घरात परत गेल्या नाहीत. मडगार्डवर हात ठेवून गाडीबरोबर चालू लागल्या. विहार समोर दिसत होतं. मी मनात म्हणत होते, तात्या, एवढं विहारापर्यंत पोहोचू द्या, उद्या भंगारवाला येईल हो.

विहाराच्या फाटकात दादाने वेग कमी केला, आणि फट्!

वाजंत्री थांबली. अख्खी मिरवणूक थांबली. मग मागून अंजनाआजीचा आवाज आला, "आला गं बया! बबन आला!" आणि सगळे हसायला लागले, पोरं, बाया, वाजंत्रीवाले, दादा. हसता हसता कोणी कोणी डोळे पुसत होते. मी काकींकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

"प्रज्ञे," काकी म्हणाल्या.

"हो काकी."

"त्यो माझ्या माळेचा व्हता. त्यो धरायचा न्हाई."

तात्या, त्या घरात तुमच्या बाजूने बोललेला एक शब्द आम्ही कोणी आजवर ऐकला नव्हता. मी उतरून माळ सोडायला गेले, तर काकींनी माझा हात बाजूला केला. दादाने गाडी पुढे घेतली. विहाराच्या पायऱ्यांशी पुन्हा फट्!

काकींनी मडगार्डवरचा हात काढला नाही. समोर बघतच म्हणाल्या, "ह्यो बी न्हाई."